बुधवारचा आकडा

३ फेब्रुवारी

बारके,

या नावाने हाक मारायचा हक्क मला राहिला आहे की नाही, माहीत नाही. आधी तुझं कागदोपत्रीचं नाव लिहून पाहिलं, तर ते कार्यालयीन पत्रासारखं दिसायला लागलं. म्हणून कागद बदलला.

पत्ता मावशीने दिला, पण सहजासहजी नाही. "भांडायला लिहिणार असशील तर देत नाही," म्हणाली. मी म्हटलं, भांडायला नाही, कामाचं आहे. "तुमच्या कामानेच तर घराची वाट लावली," म्हणाली, आणि मग घरनंबर दोनदा वाचून दाखवला. तुला फोन मुद्दामच केला नाही. तू मधे एक शब्द बोलली असतीस तर मी पुढचं गिळून टाकलं असतं.

तर काम असं. आपली अणुभट्टी ३१ मार्चला बंद होते आहे, कायमची. यंत्रं सुटी करून काही दुसऱ्या केंद्रांना जातील, काही भंगारात. माझ्या यंत्राचे आरसे जाणार, सांगाडा राहणार. त्याआधी सगळ्या नोंदवह्या स्कॅन करायच्या आहेत. चौतीस वह्या. स्कॅन करणारी मुलगी म्हणते, पानाला एक पिन जरी राहिली तरी तिचं मशीन अडकतं. त्यामुळे दोन आठवडे मी तळघरातल्या स्टोअरमध्ये बसून पिना काढते आहे. वीस वर्षांच्या अनुभवाचं चीज झालं म्हणायचं.

काल सतरा नंबरची वही हातात आली. तुझ्या दुसऱ्या मोजणीचा आठवडा. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आपण जो फ्लिपिंग रेशो काढतो, न्यूट्रॉन नीट उलटताहेत की नाही ते सांगणारा आकडा, तो सोमवारी ४१.६ आहे. मंगळवारी ४०.९. बुधवारी पुन्हा ४१.६.

त्यानंतर मी पैलवानाची वही काढली. पैलवान आठवतो ना, शेजारच्या यंत्रावरचा तो मोठा चुंबक? तो चालू झाला की आपल्या खोलीतल्या होकायंत्राची सुई त्याच्याकडे तोंड करून बसायची. त्या आठवड्यात तो गुरुवारी चालू होणार होता. वहीप्रमाणे तो एक दिवस आधी, बुधवारी सकाळी साडेआठलाच चालू झाला आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ण ताकदीवर होता. आपल्याला कळवलं नव्हतं.

पैलवान जोरात असताना आपला रेशो दीड-दोनच्या वर कधीच गेलेला नाही. तेव्हा बुधवारचा आकडा चुकीचा नोंदला गेलेला दिसतो. म्हणजे त्या दिवशी मोठ्या कोनांवर घेतलेली मोजणी धरण्यासारखी नाही. आणि तुझा निष्कर्ष त्याच मोजणीवरून खोटा ठरला, तुझा प्रबंध त्याच्यामुळे अडला आणि तू हे क्षेत्र सोडून गेलीस.

तेव्हा मोजलेली ती पातळ थरांची फिल्म तुझ्याकडे अजून असेल तर पाठवशील का? मी दोन दिवसांची वेळ मिळवते. पुन्हा मोजू. ३१ मार्चनंतर इथे न्यूट्रॉन नाहीत.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही. फिल्म आली तरी पुरे.

ताई


१५ फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर आलं नाही, पण मावशीचा फोन आला, म्हणजे पत्र पोचलं.

"ती विचारतेय," मावशी म्हणाली, "नोंदला गेलेला दिसतो म्हणजे काय? कोणी नोंदला? भुताने?"

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"आणि आता मलाही सांगून टाक बाई. अकरा वर्षं तुम्हा दोघींच्या मधे भिंत होऊन उभी आहे मी. भिंतीला तरी कळू दे भांडण कशाचं ते."

मग मी तिला सांगितलं. काय सांगितलं ते तुलाही लिहिते, म्हणजे ती तुला तिच्या पद्धतीने सांगेल तेव्हा ताडून बघता येईल. म्हटलं, न्यूट्रॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण, आणि प्रत्येक न्यूट्रॉन म्हणजे एक बारीकशी चुंबकसुई. भट्टीतून निघतात तेव्हा सगळ्यांची तोंडं वाट्टेल तिकडे. आम्ही एका खास आरशावरून त्यातले एकाच दिशेला तोंड असलेले निवडून घेतो. पुढे वाटेत तारेचं एक वेटोळं असतं. त्यात वीज सोडली की सगळ्यांची तोंडं उलटी होतात, बंद केली की सुलटीच राहतात. आधी सुलटे सोडायचे, मग उलटे, दोन्ही वेळा त्याच पातळ थरावर, आणि परतून किती येतात ते मोजायचं. दोन मोजण्यांत फरक पडला तर थरात चुंबकत्व आहे. कोन बदलला की तो फरक कसा बदलतो, त्यावरून ते किती खोलीवर आहे तेही कळतं.

"ती काय शोधत होती?"

म्हटलं, तिच्या फिल्ममध्ये दोन धातूंचे थर होते, एक चुंबकीय, दुसरा नाही. पहिल्या मोजणीत तिला दिसलं, की दोघांच्या सांध्यापाशी त्या दुसऱ्या धातूतही चुंबकत्व आलंय, सात-आठ अणूंच्या जाडीएवढं. कोणाला पटेना. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं. लहान कोनांवर सगळं जुळलं. मोठ्या कोनांवर, जिथे तो सांधा दिसायला हवा, तिथे फरकच नाही. सुलट आणि उलट सारखेच.

मावशी म्हणाली, "पण ते उलटे झाले की नाही, हे कोण बघतं?"

बारके, तुझ्या प्रबंधाच्या समितीत पाच जण होते, पाचही डॉक्टर. एकाने तरी इतकं सरळ विचारायला हवं होतं.

"मी बघते," म्हटलं. "रोज सकाळी. फिल्म बाजूला काढून, झोत सरळ दुसऱ्या आरशावर सोडून, एकदा सुलट मोजायचे, एकदा उलट. अर्धा तास लागतो."

"आणि त्या दिवशी?"

त्या दिवशी बघितलं नाही. आकडा मी लिहिला. सोमवारचा आकडा बुधवारच्या घरात उतरवला. 'नोंदला गेला' हे आमच्या अहवालांच्या सवयीने लिहिलं, असं म्हणून सुटता येईल, पण तसं नाही. तिथे 'मी' लिहायला हात उचलला नाही.

आणखी एक. हे मला आत्ता कळलेलं नाही. पैलवानाचं कळलं ते आत्ता. न मोजता आकडा लिहिला हे मला तेव्हापासून माहीत आहे. समितीने विचारलं, "यंत्र ठीक होतं ना?" मी म्हटलं, "हो. रोज तपासलंय." शेजाऱ्यांनी कळवलं नाही हे खरं, पण त्यांनी कळवलं नाही तरी आपल्याला कळावं यासाठीच तर तो सकाळचा अर्धा तास असतो. मोजलं असतं तर दहाव्या मिनिटाला कळलं असतं. आणि नंतरही, पैलवानाची वही माझ्या वहीपासून दोन कपाटं सोडून होती. अकरा वर्षं मी त्या कपाटावरून रोज जात-येत होते.

आईचं दुखणं चालू होतं. त्या सकाळी दवाखान्यातून फोन आला आणि गडबडीत मी तो अर्धा तास सोडला. हे कारण म्हणून सांगते आहे, सबब म्हणून नाही.

मावशीने सगळं ऐकून फोन ठेवला.

फिल्मचं बघ.

ताई


२६ फेब्रुवारी

बारके,

फिल्म पोचली. चिठ्ठी नाही, पण डबीवर तुझ्या अक्षरात बाण आणि 'या कडेला धरू नये'. मी त्या कडेला धरलं नाही.

वेळ मिळाली आहे, ९ आणि १० मार्च. वेळापत्रकवाल्या बाई म्हणाल्या, "दुकान बंद होणार म्हटल्यावर सगळ्यांना खरेदी आठवलीय. तुमची कुठली फिल्म?" मी म्हटलं, धाकट्या बहिणीची. "अय्या, तुम्हाला बहीण आहे?" अठरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवतो.

पैलवानाला मागच्या महिन्यातच उचललं. ज्या दिवशी क्रेनने त्याला वर घेतलं त्या दिवशी सगळे बघायला जमले होते. त्याच्या जागी आता फरशीचा एक स्वच्छ चौकोन आहे.

मावशी सांगते, तू कॉलेजातली प्रयोगशाळा बघतेस आणि मुलं तुला टरकून असतात. आकडे घरी बनवून आणलेले तुला वहीचं पान उलटतानाच कळतात म्हणे. मावशीने हे कौतुकाने सांगितलं. मला नक्की कसं ऐकायचं ते कळलं नाही.

ताई


१२ मार्च

बारके,

दोन्ही दिवस मोजलं. रेशो दोन्ही सकाळी काढला, ३९.८ आणि ४०.२. छापील पट्ट्या सोबत जोडल्या आहेत, माझ्या अक्षरातल्या नाहीत.

निकाल असा, की निकाल नाही. फिल्म म्हातारी झाली आहे. वरच्या बाजूला गंज चढलाय आणि अकरा वर्षांत दोन्ही धातू सांध्यापाशी एकमेकांत मिसळून गेलेत. लहान कोनांवर जुनी ओळख थोडी पटते. मोठ्या कोनांवर जिथे लाटा दिसायला हव्यात तिथे एक सपाट उतार आहे, दोन्ही मोजण्यांत. मी तीन प्रकारे जुळवून पाहिलं. ती ना तुझ्या बाजूने बोलते, ना विरुद्ध. दोष तुझ्या डबीचा नाही, इतकी वर्षं कुठलीच फिल्म टिकली नसती.

खरं सांगते, मी वेगळं योजलं होतं. मोजू, तू खरी ठरशील, तो निकाल छापू, आणि माझी चूक त्या निकालाच्या पाठीमागे लहान होऊन उभी राहील. आता पुढे उभं राहायला कोणी नाही. फक्त ती चूक आहे.

नव्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. चांगला माणूस आहे, माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

"मॅडम, 'बाह्य चुंबकीय क्षेत्राचा परिणाम नाकारता येत नाही' एवढं लिहा," म्हणाले. "खोटं तर नाही ना ते?"

"खोटं नाही. पण पुरतं नाही."

"अकरा वर्षांपूर्वीचा लेख. वाचणार कोण आहे?"

"एक जण वाचेल."

"भट्टीचा शेवटचा महिना चाललाय. जाता जाता तिच्या तोंडाला काळं कशाला?"

"भट्टीने काही केलेलं नाही. न्यूट्रॉन वेळेवर येत होते."

ते हसले, पण सही करणार नाही म्हणाले. जुन्या साहेबांनाही फोन केला, तुझा निष्कर्ष खोडणारा तो लेख आम्हा दोघांच्या नावावर आहे म्हणून. निवृत्तीनंतर ते दिवसभर कुंड्यांत असतात. "तू हे आता का उकरतेस?" म्हणाले. मग नळ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "माझं नाव कुठे घालू नकोस. पण अडवणार नाही तुला."

तेव्हा जर्नलला जे जाईल ते माझ्या एकटीच्या सहीने जाईल. मसुदा सोबत आहे. मुख्य भाग असा:

'सदर आठवड्यातील बुधवारी सकाळी मी फ्लिपिंग रेशो मोजला नाही. घरच्या आजारपणामुळे झालेल्या घाईत सोमवारचा आकडा मी नोंदवहीत लिहिला. त्या दिवशी शेजारील चुंबक चालू असल्याने न्यूट्रॉन पुरेसे उलटत नव्हते, हे नंतर आढळले. मोठ्या कोनांवरील मोजणी यामुळे निरुपयोगी ठरते आणि तीवर आधारित आमचा निष्कर्ष मी मागे घेत आहे. मूळ संशोधिकेचा निष्कर्ष बरोबर होता.'

वाचून पाहा. तुझी हरकत असेल तिथे खूण कर. नाही कळवलंस तर २१ तारखेला आहे तसा पाठवते.

ताई


२१ मार्च

बारके,

मसुदा परत मिळाला. शिसपेन्सिल, समासात ओळींचे क्रमांक, खोडलेल्यावर एकच सरळ रेघ. माझे प्रयोगाचे अहवाल तू असेच तपासायचीस आणि मी चिडायचे.

दोनच खुणा. पहिली शेवटच्या वाक्याला. 'बरोबर होता' खोडून तू लिहिलंस, 'तपासला गेला नाही'. आणि समासात, 'बरोबर होता की नाही कोणालाच माहीत नाही. मलाही नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मी तुला एक भेट द्यायला निघाले होते आणि तू ती उंबऱ्यातूनच परत केलीस. बरोबर केलंस. त्या वाक्यातही मी न मोजता आकडा लिहीत होते.

दुसरी खूण 'घरच्या आजारपणामुळे' याला. नुसता गोल, आणि खाली: 'फोन गुरुवारी आला. मीच केला होता. मंगळवारी दुपारपासून मी आईपाशी होते. बुधवारी ती ठीक होती, पेपर वाचत होती. मग का?'

उत्तर लिहिते.

मंगळवारी निघताना तू म्हणालीस, "ताई, उद्या सकाळचं तू सुरू कर." मी म्हटलं, करते. बुधवारी मी वेळेवर आले. फिटर आला होता, आपला तो उंच, जाड भिंगांचा. आदल्या दिवशी तो सुरक्षा अधिकाऱ्याबरोबर लिफ्टमध्ये अडकला होता आणि त्या अधिकाऱ्याने चाळीस मिनिटं लिफ्टचे नियम कसे वाचून दाखवले, त्याची नक्कल करत होता. आम्ही चहा घेतला. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग घड्याळ बघितलं तर साडेनऊ होऊन गेले होते. फिल्म काढायची, झोत सरळ करायचा, मोजायचं, फिल्म पुन्हा बसवायची. मला कंटाळा आला. काल ठीक होता, परवा ठीक होता, आज काय होणार आहे, असं वाटलं. सोमवारचा आकडा डोळ्यांसमोर होता, तो लिहिला. मंगळवारचा नाही, कारण सोमवारचा जास्त चांगला होता. मग तुझी मोजणी सुरू केली.

एवढंच. त्या सकाळी काहीही झालेलं नव्हतं.

दवाखान्याचा फोन मी नंतर आणला. पहिल्यांदा कधी आणला ते आठवत नाही, बहुतेक तू निघून गेलीस त्या वर्षी. तेव्हापासून त्या सकाळी तो फोन मी इतक्यांदा वाजवला आहे, की मला तो खरोखर ऐकू यायला लागला. तुला पत्र लिहिताना मी खोटं लिहिते आहे असं मला वाटलं नव्हतं. हे वाचून तुझा विश्वास बसणार नाही. माझाही पुरता बसत नाही.

आता तू न विचारलेला प्रश्न. समिती तीन आठवड्यांनी बसली. तोवर मला सांगता आलं असतं. 'एक दिवस तपासायचं राहिलं, पुन्हा मोजू या', एवढ्यावर भागलं असतं. कोणी फार तर रागावलं असतं. का नाही सांगितलं?

तुझी पहिली मोजणी मीच चालवली होती. त्या लेखाच्या आभारात माझं नाव होतं, 'यंत्रावरील साहाय्याबद्दल'. नऊ वर्षं मी ते यंत्र चालवत होते. रोज कोणीतरी यायचं, आपली फिल्म मोजून न्यायचं, आणि काय सापडलं ते मला छापून आल्यावर कळायचं. याची मला सवय होती. मग माझी धाकटी बहीण आली, जिला मी वर्तुळ काढायला शिकवलं, आणि माझ्याच यंत्रावर, माझ्या नाकासमोर तिला ते सापडलं. दुसऱ्या मोजणीत ते नाहीसं झालं तेव्हा मला जे वाटलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. मला वाटलं, बघू आता. अगदी याच शब्दांत.

समितीनंतर कोणीतरी म्हणालं, की पहिल्या वेळचे आकडे तू घासूनपुसून घेतले असशील. मी 'नाही' म्हटलं नाही. पुढे तो लेख आला, साहेब पहिले, मी दुसरी. मग यंत्र पूर्णपणे माझ्या ताब्यात दिलं.

मसुद्यातली 'घरच्या आजारपणामुळे झालेल्या घाईत' ही ओळ काढली. त्या जागी 'कोणतेही कारण नसताना' असं घातलं. आईला यात ओढायला नको होतं. ती असती तर म्हणाली असती, माझ्या बुधवारच्या पेपरावर तुम्ही काय काय रचलंत.

आज दुपारी जर्नलला पाठवलं. प्रत विभागप्रमुखांना आणि तुझ्या जुन्या विद्यापीठाला.

ताई


३० मार्च

बारके,

तुझं पत्र काल मिळालं. एक पानभर, सगळं कामाचं. वर मायना नाही, खाली सही आहे. मला तेवढं पुरेसं आहे. पुरेसं नसलं तरी तेवढंच आहे.

तुझ्या मुद्द्यांना उत्तरं देते.

तू नवी फिल्म करते आहेस हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उठून खिडकी उघडली. तुझ्या जुन्या प्रयोगशाळेतलं थर चढवायचं यंत्र अजून चालतं, हे मला माहीत नव्हतं. पंप बदलला असेल तर पहिल्या चार-पाच फिल्म टाकून द्याव्या लागतील. तू त्या मोजत बसशील, तुझा स्वभाव माहीत आहे. टाकून दे.

वेळेसाठी समुद्रापलीकडच्या त्या केंद्राकडे अर्ज करते आहेस, हे चांगलं. आमचे आरसे तिथेच चाललेत. अर्जावर माझं नाव नको म्हणालीस. मान्य आहे. शिफारसही नको म्हणालीस. तीही करणार नाही.

मागितलेलं सगळं वेगळ्या पाकिटात पाठवलं आहे. पहिल्या मोजणीच्या सगळ्या कच्च्या फाइली, दुसऱ्या मोजणीचे सोमवार आणि मंगळवार, सतरा नंबरच्या वहीची ती चार पानं आणि पैलवानाच्या वहीचं एक. बुधवारच्या फाइलीही घातल्या आहेत. तू मागितल्या नव्हत्या, पण निवड मी करू नये असं वाटलं.

इकडचं विचारलं नाहीस, तरी दोन ओळी. जर्नलने घेतलं, जूनमध्ये येईल. विद्यापीठाने 'नोंद घेतली' असं कळवलं आहे, यापलीकडे ते काय करतील ते मी रोज विचारत राहणार आहे. माझ्यावर चौकशी बसली. आरसे उतरवायचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. लेखी ताकीद मिळेल, बहुतेक. वेळापत्रकवाल्या बाई आता माझ्या टेबलावर बसत नाहीत. फिटर बसतो. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे लिफ्टचा दोष." मी हसले नाही, मग त्याने मान खाली घालून जेवण संपवलं.

उद्या अकराला भट्टी बंद. साहेब लोक भाषणं करतील.

आता एकच सांगते, मोठी बहीण म्हणून नाही, यंत्र चालवणारी म्हणून. तिथे जो कोणी असेल, त्याने सकाळी तोंडी सांगितलेला आकडा घेऊ नकोस. तुझ्यासमोर मोजायला लाव. वही माग, आणि आदल्या दिवसांचीही पानं उलटून बघ. कितीही चांगला असला, कितीही ओळखीचा झाला, तरी. त्याला राग आला तर येऊ दे.

समितीतल्या त्या टक्कलवाल्या गृहस्थांनी शेवटी तुला विचारलं होतं, यंत्राची नोंदवही बघायची आहे का म्हणून. वही टेबलावरच होती, माझ्या हाताखाली. दोन्ही ४१.६ एका ओळीच्या अंतराने होते. तू एका नजरेत पकडले असतेस. मी हात बाजूला घेतलासुद्धा होता.

तू म्हणालीस, "नको. ताईने तपासलंय."

तिथे सगळे एकमेकांना मॅडम आणि सर म्हणत होते, त्यामुळे 'ताई' ऐकून पाचही जण हसले. मीही हसले.